रिवॉर्ड पॉइंट : रोखीचं बक्षीस उधारीकडे कसं गेलं

पगाराच्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये एक विषय हमखास निघतो. कुणाच्या तरी मोबाइलवर बँकेचा मेसेज आलेला असतो, 'आपल्या क्रेडिट कार्डावर इतके रिवॉर्ड पॉइंट जमा झाले आहेत.' मग चर्चा रंगते. याचं करायचं काय? मिक्सर घ्यायचा, विमानाचं तिकीट काढायचं की बिलातून वजा करून घ्यायचे? उर्दू शाळा असल्यामुळे आमच्याकडे आणखी एक प्रश्न त्याला जोडून येतो, 'टीचर, हे घेणं जायज आहे का?'

मला या दोन्ही प्रश्नांच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हे पैसे येतात कुठून? बँक त्याला बक्षीस म्हणते. पण बँक कुणाची खाला-मावशी नाही. ती एका हाताने देत असेल तर दुसऱ्या हाताने कुणाकडून तरी घेत असणार. पॉइंटचा चांगला मोबदला कसा मिळवायचा हे समजायलाही हा 'कुणीतरी' कोण ते कळावं लागतं. त्यासाठी पावणेदोनशे वर्षं मागे जाऊ.

इंग्लंडमधलं रॉचडेल हे गिरणीकामगारांचं गाव. २१ डिसेंबर १८४४ रोजी तिथल्या टोड लेन नावाच्या गल्लीत एक छोटं दुकान उघडलं. मालक होते २८ सभासद, त्यांत विणकर बरेच. माल म्हणजे पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ. त्या काळात कामगारांची कुटुंबं दुकानदाराच्या उधारीत बुडालेली असत. वही दुकानदाराकडे, वजन दुकानदाराचं, भाव दुकानदाराचा. माल भेसळीचा निघाला तरी उधारीवाल्याला तोंड उघडता येत नसे. या सभासदांनी दोन नियम केले. उधार द्यायचं नाही, घ्यायचं नाही. आणि दर तिमाहीला जो नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत द्यायचा. आज जगभर सहकारी ग्राहक भांडारांचं मूळ म्हणून या दुकानाचं नाव घेतलं जातं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जास्त खरेदी करणाऱ्याला जास्त परतावा, ही पॉइंटची कल्पना इथे स्पष्ट आहे. फरक इतकाच की परत मिळणारा पैसा सभासदाचाच होता आणि तो रोखीने व्यवहार केल्याबद्दल मिळत होता.

१८९६ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावी स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनी हीच कल्पना धंद्यात आणली. त्यांच्या कंपनीने दुकान काढलं नाही. तिने तिकिटं छापली. पोस्टाच्या तिकिटांसारखी, मागे डिंक असलेली, हिरवी. दुकानदाराने ती कंपनीकडून विकत घ्यायची आणि गिऱ्हाइकाने दहा सेंटची खरेदी केली की एक तिकीट द्यायचं. घरी वही असायची, तिच्यात ती चिकटवायची. बाराशे तिकिटांनी वही भरली की कंपनीच्या केंद्रात जाऊन तिच्या बदल्यात वस्तू आणायची. दिवा, इस्त्री, ताटांचा संच, मोठी हौस असेल तर अनेक वह्या साठवून फर्निचर. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या लाखो घरांत ही वही होती. तिकिटं चाटून चिकटवण्याचं काम मुलांकडे आणि हिशेब आईकडे.

सुरुवातीला ही तिकिटं कुणाला मिळत? रोख देणाऱ्याला. अमेरिकेतही तेव्हा किराणा उधारीवर चालत असे, महिन्याची वही, पगाराला हिशेब. दुकानदाराला रोकड हवी होती आणि 'उधारी करू नका' असं तोंडावर सांगता येत नव्हतं. म्हणून रोख देणाऱ्याच्या हातावर तिकीट ठेवायचं. म्हणजे रॉचडेलमध्ये काय किंवा जॅक्सनमध्ये काय, बक्षीस होतं ते उधारी टाळल्याचं. पुढे ते उलटं झालं.

थोडा हिशेब करून पाहू. बाराशे तिकिटं म्हणजे १२० डॉलरची खरेदी. काही राज्यांच्या कायद्यांमुळे तिकिटावर रोख किंमत छापावी लागे आणि ती साधारणपणे एका सेंटचा दहावा भाग असे. बाराशे तिकिटांचे झाले एक डॉलर वीस सेंट. बरोबर एक टक्का. आज साध्या कार्डावर 'एक टक्का कॅशबॅक' अशी जाहिरात दिसली की मला ती हिरवी वही आठवते. वस्तू घेतली तर वहीची किंमत रोखीपेक्षा बरी पडे, हेही आजच्यासारखंच.

कंपनीचा नफा दोन जागी होता. दुकानदार तिकिटांचे पैसे आधी देई आणि गिऱ्हाईक वस्तू मागायला महिन्यांनी, कधी वर्षांनी येई. तोवर पैसा कंपनीकडे फिरत राही. आणि बरीच तिकिटं कधी येतच नसत. खणात पडून राहत, घर बदलताना हरवत, वही अर्धीच राही. न वटलेलं प्रत्येक तिकीट हा कंपनीचा निव्वळ नफा. दुकानदाराचा खर्च मात्र विक्रीच्या दोन-अडीच टक्क्यांच्या घरात जाई. पहिलं दुकान तिकिटं देई तेव्हा त्याची गर्दी वाढे. समोरच्यानेही सुरू केली की गर्दी पुन्हा वाटली जाई आणि खर्च तेवढा दोघांच्या मानगुटीवर उरे. तो शेवटी पिठाच्या, साखरेच्या भावात जाई. तिकिटं न जमवणारी म्हातारीसुद्धा तो भाव देई.

इंग्लंडमध्ये रिचर्ड टॉम्पकिन्स यांनी १९५८ मध्ये 'ग्रीन शील्ड' तिकिटं आणली. १९६३ मध्ये टेस्कोने ती सुरू केली, सेन्सबरी घराण्याने कडाडून विरोध केला. १९६४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला, तिकिटावर रोख किंमत छापा आणि मागितली तर रोख द्या. १९७७ मध्ये टेस्कोने तिकिटं बंद केली, वाचलेल्या पैशात भाव कमी केले आणि विक्री झपाट्याने वाढली. लोकांना तिकीट हवं होतं की स्वस्त साखर, याचं उत्तर त्या उन्हाळ्यात मिळालं. टॉम्पकिन्स मात्र शहाणा माणूस. त्याने १९७३ मध्येच वस्तू-वाटपाच्या केंद्रांवरून कल्पना घेऊन 'आर्गोस' ही दुकानांची साखळी उभी केली होती.

आता कार्डाकडे वळू. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब सुरू झाला. पुठ्ठ्याचं कार्ड दाखवायचं, हॉटेलात जेवायचं, महिन्याअखेर सगळं बिल एकदम भरायचं. त्यात व्याज नव्हतं. मग क्लबला काय मिळे? हॉटेलवाल्याकडून बिलाच्या सात टक्के. हे सात टक्के लक्षात ठेवावेत. आज आपल्याला मिळणाऱ्या पॉइंटचे आजोबा म्हणजे ते सात टक्के. पुढे स्पर्धेने हा दर खाली आला, पण रचना तीच राहिली. आपण हजार रुपये मोजतो, दुकानदाराच्या खात्यात हजारापेक्षा कमी जमा होतात, मधली रक्कम दुकानदाराची बँक, कार्ड देणारी बँक आणि कार्डाचं जाळं चालवणारी कंपनी वाटून घेतात. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा.

१९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे साठ हजार लोकांना कुणी न मागता घरपोच कार्डं पाठवली. या कार्डाची नवी गोष्ट अशी की बिल पूर्ण भरायची सक्ती नव्हती. थोडं भरा, बाकीवर व्याज. तेव्हापासून बँकेच्या हातात दोन नळ आले, एक दुकानदाराचा आणि दुसरा व्याजाचा.

पॉइंट अजून आले नव्हते. ते आले विमानांतून. १९७८ मध्ये अमेरिकेने विमान कंपन्यांवरची भाड्याची बंधनं काढली, भाडी कोसळली आणि गिऱ्हाईक टिकवायचं कसं हा प्रश्न पडला. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांना मैल मोजून फुकट तिकीट द्यायची योजना काढली. आठवड्याच्या आत युनायटेडने तसंच केलं. जुन्या हिरव्या तिकिटांचीच ही नवी आवृत्ती होती, फक्त वही संगणकात गेली. १९८६ मध्ये सिअर्सच्या डिस्कव्हर कार्डाने खर्चावर रोख परतावा सुरू केला आणि १९८७ मध्ये सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सबरोबर कार्ड काढलं, एका डॉलरच्या खर्चाला एक मैल. विमानात न बसता मैल मिळू लागले. वर्तुळ इथे पूर्ण उलटं फिरलं. जे बक्षीस रोखीवाल्याला उधारीपासून दूर ठेवण्यासाठी निघालं होतं, ते आता रोखीवाल्याला उधारीकडे ओढण्यासाठी वापरात आलं.

या खेळात बँकांना चकवणारेही निघाले. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरच्या लक्षात आलं की एका खाद्यपदार्थ कंपनीच्या योजनेत मैलांची किंमत मालाच्या किमतीपेक्षा जास्त आहे. त्याने पंचवीस सेंटला एक अशा पुडिंगच्या बारा हजारांहून अधिक डब्या उचलल्या. बारकोड सोलायला माणसं कुठून आणणार? पुडिंग साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला दान केलं, तिथल्या स्वयंसेवकांनी बारकोड काढून दिले. साधारण तीन हजार डॉलरमध्ये त्याला साडेबारा लाखांच्या आसपास मैल मिळाले, शिवाय दानावर करसवलत. पुढे काही लोकांनी अमेरिकी टांकसाळीकडून कार्डावर एक डॉलरची नाणी मागवली. दर्शनी किंमत, घरपोच, टपालखर्च सरकारचा. नाणी आली की सरळ बँकेत भरायची आणि कार्डाचं बिल फेडायचं. मैल आपले. २०११ च्या जुलैमध्ये टांकसाळीने नाण्यांसाठी कार्ड घेणंच बंद केलं.

असे किस्से वाचताना मजा येते. पण त्यांचा एक तोटा आहे. वाचणाऱ्याला वाटतं, लुटलं गेलं ते बँकेलाच. २०१० मध्ये बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी हाच हिशेब मांडला. दुकानदार कार्डाचं शुल्क सगळ्यांच्याच भावात मिसळतो, मग रोख देणारं घर आणि कार्डवालं घर यांच्यात काय देवाणघेवाण होते? त्यांच्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेतलं रोखीवालं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांना देत होतं आणि कार्डवाल्या कुटुंबाला ११३३ डॉलर मिळत होते. रोखीवाले बहुधा गरीब, कार्डवाले बहुधा सुखवस्तू. म्हणजे पैसा खालून वर वाहत होता. यात व्याज भरणाऱ्यांचा हिशेब वेगळाच. आवळा देऊन कोहळा काढणं ही आपली म्हण, इथे आवळा एकाला मिळतो आणि कोहळा दुसऱ्याचा जातो.

हे कुणी अडवलं नाही असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये कार्डवाल्या बँकेला मिळणारा वाटा सुमारे ०.९५ टक्क्यावरून ०.५५ टक्क्यावर आणला. लगेच तिथल्या कार्डांचे पॉइंट आटले, वार्षिक फी वाढली. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्याची कमाल मर्यादा घातली. पॉइंट दुकानदाराच्या खिशातून येतात याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

भारतात या गोष्टीला स्वतःचं वळण आहे. मुंबईत स्थापन झालेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये बँकेचं पहिलं क्रेडिट कार्ड काढलं. नव्वदच्या दशकात खासगी आणि परदेशी बँका आल्या, त्यांच्याबरोबर पॉइंट आणि जाड गुळगुळीत कॅटलॉग. माझ्या वयाच्या लोकांना कल्पना नवी नव्हती. बबलगमच्या वेष्टनावरच्या धावा आणि विकेट जमवून पुस्तिका मिळवण्यात आमचं बालपण गेलं होतं. नंतर २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क शून्य झालं. म्हणून भाजीवाल्याला क्यूआरवर पैसे दिले की आपल्याला सहसा काही मिळत नाही. भाजीवाल्याचं काही जात नाही, तर मिळणार कुठून? २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं. त्याच क्यूआरवर त्या कार्डाने पैसे दिले तर बऱ्याच बँका पॉइंट देतात, कारण क्रेडिटच्या व्यवहारांत शुल्क पुन्हा आलं, लहान दुकानदाराला लहान रकमांवर सूट ठेवून.

साठवून ठेवलेल्या पॉइंटचं काय होतं, हेही आपण इथेच पाहिलं. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये किंगफिशरची विमानं जमिनीवर आली आणि 'किंग क्लब'चे मैल जमवणाऱ्यांकडे नुसता आकडा उरला. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण झालं. तिच्या मैलांची योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर होती म्हणून ते मैल वाचले, पण ज्या विमानासाठी जमवले ते विमान नव्हतं. कंपनी चालू असली तरी धोका वेगळ्या रूपात असतोच. काल दहा हजार मैलांत मिळणारं तिकीट उद्या पंधरा हजारांत, आणि हे ठरवणार कंपनी. पॉइंट हे असं चलन आहे ज्याची टांकसाळही त्यांची आणि बाजारभावही त्यांचाच. २०२० च्या जूनमध्ये कोरोनाने विमानं थांबली तेव्हा युनायटेडने आपली मैल-योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. कंपनीच्या कागदांत त्या योजनेची किंमत सुमारे २२ अब्ज डॉलर लावली होती, तेव्हा शेअर बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. विमानं आणि वैमानिकांपेक्षा मैल महाग!

आता जायज-नाजायज. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही, तेव्हा फतवा माझ्याकडून नको. एक निर्णय मात्र सांगण्यासारखा आहे. २००० साली रियाधला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनात क्रेडिट कार्डावर ठराव झाला. करारातच सूदची अट असेल तर वेळेत पैसे भरायचा इरादा असला तरी असं कार्ड वापरू नये, असं त्यात म्हटलं. दुसरे काही उलेमा याबाबत नरम आहेत, पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्याला ते मोकळीक देतात. आपापल्या जाणकाराला विचारावं. मला त्या ठरावातला दुसरा मुद्दा जास्त विचार करायला लावतो. दुकानदाराकडून बँकेने शुल्क घेणं अकादमीने मान्य केलं, पण एका अटीवर: दुकानदाराने कार्डावरही रोखीच्याच भावाला माल विकावा. बोस्टनच्या अर्थतज्ज्ञांनी दहा वर्षांनी जी गाठ उलगडून दाखवली, तिच्याच अंगाने ही अट जाते. कार्डवाल्याच्या सोयीचा बोजा कुणावर पडतो, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. सर्वांसाठीच भाव थोडा चढवला तर अट कागदावर पाळली जाते आणि रोखीवाला तरीही देतोच, ही अडचण उरते. तिच्यावर बोलणारे फारसे भेटत नाहीत.

राहिला स्टाफरूमचा पहिला प्रश्न, करायचं काय. माझा हिशेब साधा आहे. समजा कार्डावर शंभर रुपयांना दोन पॉइंट मिळतात आणि पॉइंटची किंमत पंचवीस पैसे. म्हणजे परतावा अर्धा टक्का. महिन्याला वीस हजार खर्च केले तर शंभर रुपये, वर्षाचे बाराशे. आता एका महिन्याचं बिल थकलं तर साडेतीन टक्के महिना या दराने सातशे रुपये व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण ८२६. विलंब शुल्क वेगळं. वर्षभराचे पॉइंट एका चुकलेल्या तारखेत जवळपास संपले. वर एकदा थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे फार जणांना माहीत नसतं. या व्याजाला वरची मर्यादाही नाही. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणून माझ्या कार्डाला खात्यातून पूर्ण बिल आपोआप वळतं होण्याची सूचना दिलेली आहे, 'किमान रक्कम' या पर्यायाकडे मी पाहतच नाही.

दुसरं, प्रत्येक पर्यायाचा पैशांत भाव काढते. किमतीला पॉइंटनी भागायचं, बस. कॅटलॉगमधला मिक्सर आठ हजार पॉइंटला असेल आणि तोच बाजारात सोळाशेला मिळत असेल, तर पॉइंट वीस पैशांना गेला. बिलात वळता केला तर पंचवीस. विमान कंपनीकडे वळवला तर कधीकधी पन्नास पैसे ते रुपयाही पडतो, पण ज्याला प्रवास करायचाच आहे त्याच्यासाठी. उमराहला जाणाऱ्या एका सहकारी बाईंनी जेद्दाहच्या तिकिटासाठी असे पॉइंट वळवले. त्यांना फायदा झाला कारण तारीख आधी ठरली होती, पॉइंट नंतर पाहिले. मैल आहेत म्हणून प्रवास काढणाऱ्याचं गणित नेमकं उलटं होतं. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट, विम्याचा हप्ता यांवर अनेक कार्डं पॉइंट देत नाहीत किंवा कमी देतात, ते नियमपत्रकात बारीक अक्षरात असतं. पॉइंटची मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची असते.

मी साठवत नाही. मार्चमध्ये वार्षिक परीक्षांच्या पेपर तपासणीत डोकं गुंतायच्या आधी जे असतील ते बिलात वळते करते. गेल्या मार्चमध्ये ४,६०० होते, ११५० रुपये झाले. बँकेने पॉइंट वटवायचं शुल्क म्हणून ९९ रुपये कापले, त्यावर जीएसटी वेगळा.